पहिल्यांदा बर्फाच्या पाण्यात बसताना: किती थंड, किती वेळ, कोणी बसू नये

गारवेल
जिममध्ये, धावण्याच्या गटांत, मोबाइलवर सगळीकडे सध्या आईस बाथ सुरू आहे. टबात बर्फाचे खडे तरंगले पाहिजेत आणि माणसाने दात आवळून पाच मिनिटं काढली पाहिजेत, असा एक समज पक्का होत चाललाय. माझं मत याच्या उलट आहे. नवशिक्याला टबात बर्फ दिसायचीही गरज नाही. पहिल्या दिवशी २० अंश, मग हळूहळू १५ पर्यंत. वेळ एक ते तीन मिनिटं, आणि टबाबाहेर एक शुद्धीत, सावध माणूस. पहिला महिना एवढ्यावर काढावा.

कारण घोळ होतो तो सुरुवातीलाच. थंड पाणी छातीला लागलं की आपोआप एक मोठा हुंदका येऊन श्वास आत ओढला जातो, मग धाप लागते, नाडी आणि रक्तदाब झपकन वर जातात. पहिल्या अर्ध्या मिनिटात हे सगळ्यात जोरात असतं आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतं. त्या अर्ध्या मिनिटात तोंड पाण्याखाली असेल तर तो श्वास पाण्याचा घेतला जातो. शरीर गारठून तापमान खाली जाणं ही पुष्कळ नंतरची गोष्ट आहे.

जाणकारांनी लिहावं: आपल्याकडच्या नळाच्या पाण्याला बर्फ किती लागतो, फ्लॅटमध्ये टब कुठे ठेवावा आणि कोणी या वाटेला जाऊच नये?

बर्फगणित
सूत्र लिहून ठेवा. लागणारा बर्फ किलोमध्ये = (पाणी लिटरमध्ये × जितके अंश उतरवायचे) ÷ (८० + हवं असलेलं तापमान).

एक किलो बर्फ नुसता वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता ओढतो आणि वितळलेलं पाणी शून्यावरून टबाच्या तापमानाला येताना आणखी थोडी. म्हणून खाली ८० अधिक तापमान.

मुंबईच्या टाकीतलं पाणी २८ अंश धरा, टबात १५० लिटर. १८ अंशांवर आणायला साधारण १५ किलो, १५ वर आणायला साडेवीस किलो, १० वर आणायला ३० किलो. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे टाकीचं पाणी २० अंश असेल तर १५ साठी आठ किलोत काम होतं. हवा आणि टबाच्या भिंती उष्णता देतात, तेव्हा दहा टक्के जास्त धरा. बर्फ टाकायच्या आधी पाणी मोजा; उन्हातल्या टाकीचं पाणी ३३-३४ असू शकतं आणि सगळं गणित तिथेच चुकतं.

टब काठोकाठ भरू नका. २० किलो बर्फ म्हणजे वितळल्यावर आणखी २० लिटर पाणी, आणि बसलेला माणूस वरून ५०-६० लिटर जागा घेतो.

तांबडीमाती
वाचनखूण साठवली. कुस्तीच्या, कबड्डीच्या पोरांना हे सूत्र द्यायलाच हवं. तिथे सगळं "दोन पोती टाक" अशा अंदाजावर चालतं.

लादीबाजार
बर्फ आणण्याबद्दल. कारखान्याची लादी दुकानात येईपर्यंत शून्याला आलेली असते, त्यामुळे वरचं गणित तिला बरोबर लागू पडतं. २० किलोचा तुकडा गोणपाटात गुंडाळून आणा आणि घरी पोत्यातच ठेवून लाकडी दांड्याने ठेचा. मुठीएवढे तुकडे १५-२० मिनिटांत वितळतात. अख्खा तुकडा तसाच सोडला तर तासभर तरंगत राहील, वर गार आणि तळाशी कोमट.

महाराष्ट्रात खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगवायचा नियम २०१८ पासून आहे. टबासाठी निळा चालतो, पण ते पाणी तोंडात जाऊ देऊ नका आणि अंगावर ओली जखम असेल तर टाळा. लादीवरचा भुसा, माती आधी धुऊन घ्या.

बसायच्या आधी उरलेले खडे झाऱ्याने काढून टाका, या दोन कारणांसाठी: तापमान हवं तिथे आलेलं असताना ते आणखी खाली जात राहतं, आणि धारदार कडेने कापलं तरी बधिर कातडीला कळत नाही.

निळीबाटली
लादी मिळत नसेल तर दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या. पाऊणच्या वर भरा, काठोकाठ नको, गोठताना पाणी फुगून बाटली तडकते. घरच्या फ्रीजरमधला बर्फ उणे १८ च्या आसपास असतो, म्हणून किलोमागे थोडा जास्त काम करतो. १५० लिटर पाणी एका बाटलीने सव्वा ते दीड अंश उतरतं, पण पूर्ण वितळायला दोन तास धरा. २८ वरून १५ ला दहा-अकरा बाटल्या. एवढ्या बाटल्या घरच्या फ्रीजरमध्ये एका रात्रीत गोठत नाहीत. दोन दिवस आधीपासून थोड्या थोड्या लावा. फायदा असा की पाणी वाढत नाही आणि बाटल्या पुन्हा वापरता येतात.

कडाका
धागाकर्तीशी असहमत. १५ अंशांना आईस बाथ कोण म्हणेल? फायदा हवा तर १० च्या खालीच जावं लागतं. १८ अंशांत बसणं म्हणजे महाबळेश्वरला डिसेंबरात आंघोळ करण्यासारखं झालं.

स्पंदन
कडाका, १४ अंशांच्या पाण्यात तासभर बसवलेल्या तरुणांच्या रक्तात नॉरअॅड्रेनलिन (अंगाला सावध करणारं संप्रेरक) ५३० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. २००० साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आहे, आणि एका अंकी तापमानाच्या बाजूने बोलणारेच तो सगळ्यात जास्त वापरतात! त्यात पाणी १४ अंशच होतं.

दुसरं म्हणजे गारवेल यांनी सांगितलेला धक्का १० ते १५ च्या पट्ट्यातच जवळपास पूर्ण जोराने बसतो. ५ अंशांना तो फारसा वाढत नाही. वाढतं ते बोटांचं बधिरपण, कातडी आणि नसांना इजा होण्याचा धोका. चांगली गोष्ट अशी की पाच-सहा वेळा दोन-तीन मिनिटं बसल्यावर हा धक्का निम्म्यावर येऊ शकतो. तो ओसरायला लागेपर्यंत खाली जाण्यात काहीच मिळवायचं नसतं.

आता कोणी बसू नये. हृदयविकार, अनियमित ठोके, आटोक्यात नसलेला रक्तदाब, आधी झालेला पक्षाघात, फिट येण्याचा आजार, गरोदरपण: या सगळ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणाऱ्या) गोळ्या चालू असतील तरी विचारा. थंडीने बोटं पांढरी-निळी पडून दुखत असतील (रेनो) किंवा थंड पाण्याने अंगावर गांध्या उठत असतील तर पूर्ण टाळा. गांध्यांच्या प्रकारात सगळं अंग एकदम पाण्यात गेलं तर रक्तदाब कोसळू शकतो. मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल तर इजा झालेलीच कळणार नाही. दम्याच्या लोकांना थंडीने श्वासनलिका आवळण्याचा त्रास होऊ शकतो.

आणि एक गोष्ट आपल्या राज्यात मुद्दाम सांगावी लागते. विदर्भात आणि नंदुरबार भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. थंडीने रक्तवाहिन्या आवळल्या की त्यांच्यात वेदनेचा झटका येऊ शकतो. सिकलसेलच्या रुग्णाने बर्फाच्या पाण्यात बसूच नये. जिम आणि अकादम्यांनी मुलांना टबात उतरवण्याआधी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

तुळई
टब कुठे ठेवावा यावर कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. बाहेर काढलेल्या बाल्कनीत अजिबात नको.

३०० लिटर पाणी, ७० किलोचा माणूस, टबाचं वजन: जवळपास ३८० किलो. पाऊण मीटर व्यासाच्या गोल टबाखाली जागा येते ०.४४ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला साडेआठशे किलोच्या वर. भारतीय मानकाप्रमाणे घरातल्या खोल्यांचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो आणि बाल्कनी ३०० किलो वापरभार (माणसं आणि सामान यांचं वजन) धरून बांधतात. हा भार पूर्ण क्षेत्रावर पसरलेला धरतात, त्यामुळे एका जागी जास्त आला की स्लॅब लगेच पडतो असं नाही. पण जुन्या इमारतीत, गळक्या स्लॅबवर, सळ्या गंजलेल्या बाल्कनीत ही परीक्षा घेऊ नये. तळमजला, पार्किंगजवळची मोकळी जागा किंवा अंगण उत्तम. वरच्या मजल्यावर ठेवायचाच तर भिंतीखालच्या तुळईला लागून, कोपऱ्यात, आणि पाणी १५० लिटरच.

२०० लिटरचं उभं निळं पिंप स्वस्त पडतं, पण त्याची उंची ९० सेंटिमीटरच्या आसपास असते. आत जाणं सोपं, ताठरलेल्या पायांनी बाहेर येणं अवघड. घ्यायचंच तर बाहेर आणि आत दोन्हीकडे पक्का स्टूल हवा, आणि पिंपात आधी कुठलं रसायन होतं ते कळल्याशिवाय नको. काठ गुडघ्यापेक्षा थोडाच वर असलेला आडवा टब सगळ्यात बरा.

कडाका
बाल्कनीचा मुद्दा पटला. डोक्यात नव्हता. बाकी १५ अंशांचं ठीक आहे, नवशिक्यापुरतं मान्य. पण श्वास रोखून बसण्याचं तंत्र तर शिकवाच. जलद श्वासाच्या तीन फेऱ्या मारल्या की थंडी वाजतच नाही.

दीर्घश्वास
नाही! हे वाचणाऱ्या कोणी करू नका.

जोरजोरात श्वास घेऊन सोडल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. श्वास घ्यावासा वाटतो तो त्या वायूमुळे. तो कमी असला की श्वास रोखलेला असताना ऑक्सिजन संपत आला तरी सूचना मिळत नाही, आणि माणूस कुठलीही धडपड न करता बेशुद्ध होतो. गादीवर झालं तर डोकं उशीवर पडेल, टबात झालं तर पाण्यात. हात-दोन हात पाण्यात बुडायला ते पुरेसं आहे. श्वासाचं हे तंत्र लोकप्रिय करणारे डच विम हॉफ यांच्या स्वतःच्या सूचनांमध्येही श्वासाचा हा व्यायाम पाण्यात किंवा पाण्याजवळ करू नये असंच आहे.

शिवाय चेहरा पाण्यात आणि श्वास रोखलेला असला की ठोके मंदावण्याची प्रतिक्रिया येते, त्याच वेळी थंडीचा धक्का ठोके वाढवत असतो. दोन उलट हुकूम एकदम हृदयाला मिळतात आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. पोर्ट्समथ विद्यापीठाचे माइक टिप्टन यांनी यावर बरंच काम केलं आहे. म्हणून डोकं बाहेर, श्वास चालू.

टबात श्वास कसा? नाकाने दोन-तीन आकडे आत, ओठांचा चंबू करून पाच-सहा आकडे बाहेर. लक्ष फक्त बाहेर सोडण्यावर. पाय, पोटऱ्या, मांड्या असं उतरत जा, कमरेशी थांबून तीन श्वास पूर्ण सोडा आणि उच्छ्वास चालू असताना छाती आत न्या. उडी नाही. सोबतच्या माणसाने साधं काहीतरी विचारावं, "आज वार कोणता?" एका दमात उत्तर देता आलं की श्वास ताब्यात आला. दीड मिनिटात आला नाही तर उठायचं, त्या दिवशीचं तेवढंच.

पाणकणीस
किती वेळाने उठायचं ते घड्याळावर ठरवावं की अंगावर?

उत्तरवारा
जे आधी येईल त्यावर. फिनलंडमध्ये गोठलेल्या तळ्याला भोक पाडून पाण्यात उतरतात, त्याला अवांतो म्हणतात. पाणी शून्य-एक अंशाचं. तिथली रीत बघण्यासारखी आहे: दोन्ही बाजूंना कठडा असलेली शिडी, डोक्यावर लोकरी टोपी, पायात निओप्रीनचे (रबरासारख्या जाड कापडाचे) मोजे, बऱ्याचदा हातमोजेही. शिडीने उतरतात, मान बाहेर, आणि नवखे अर्ध्या मिनिटातच वर येतात. टबात हातमोजे नसतील तर पंजे पाण्याबाहेर ठेवा. बोटंच सगळ्यात आधी दुखतात.

अंगावरची खूण: अंगठा करंगळीला टेकवून बघा. टेकत नसेल, बोबडी वळली असेल किंवा थरथर आवरत नसेल तर लगेच बाहेर. आणि खूप वेळ बसल्यावर अचानक "आता मस्त ऊबदार वाटतंय" असं वाटलं तर तेही बाहेर यायचंच लक्षण समजा.

सह्यवाट
थोडं अवांतर. कार्तिकस्नान, माघस्नान, गंगोत्रीची बुडी हे सगळं आपल्याकडे आहेच. पण यात्रेतले काका-काकू सत्तरीचे, रक्तदाबाची गोळी चालू, तीन हजार मीटरवरची हवा, आणि थेट तीन बुड्या डोक्यासकट. यावर काय म्हणाल?

स्पंदन
अवांतर नाही, हाच विषय आहे. उंचीवर हृदयावर आधीच ताण असतो. त्या वयाला आणि त्या गोळ्यांवर लोट्याने पाणी घ्यावं: आधी पाय, मग हात, मग खांदे, शेवटी कपाळाला पाण्याचं बोट. गंगोत्रीला लोट्याने स्नान करणारे पुष्कळ असतात, घाटावर कोणी वेगळं मानत नाही. साखळी धरल्याशिवाय प्रवाहात पाय टाकू नये. बाहेर आल्यावर आधी कोरडं होऊन स्वेटर, मग पूजा.

धावतीवाट
व्यायामाच्या बाजूने. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसारखी घाट उतरणारी शर्यत झाली की मांड्या दोन दिवस बोलतात. त्यासाठी ११ ते १५ अंश आणि ११ ते १५ मिनिटं हा पट्टा दुखणं कमी करायला बरा ठरतो, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात निघालंय. पण दहा-पंधरा मिनिटं सरावलेल्याची. नवख्याने ती वेळ उचलू नये. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा तर नाहीच.

वजनं उचलून स्नायू वाढवायचे असतील तर व्यायामानंतर लगेच टब नको. २०१५ च्या एका अभ्यासात १२ आठवडे व्यायामानंतर १० मिनिटं १० अंशांत बसणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद, हलका व्यायाम करून थंडावणाऱ्यांपेक्षा कमी वाढले. टब दुसऱ्या दिवशी घ्या किंवा व्यायामाआधी काही तास.

तांबडीमाती
हे आखाड्यात सांगितलं तर निम्मी पोरं टब सोडून देतील, आणि लादीवाला बर्फगोळा विकायला बसेल :)

कोरडादिवस
पाणी रोज बदलता का कोणी? बर्फ महाग म्हणून बरेच जण आठवडाभर तेच ठेवतात. उघड्या टबात डेंग्यूच्या डासाची अळी होते, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पालिका आठवड्याला कोरडा दिवस पाळायला सांगते, त्यात हा टबही धरा: रिकामा करायचा, काठ घासायचे (अंडी तिथेच चिकटतात), वाळवायचा. एरवी घट्ट झाकण.

पाणी तीन-चार दिवस ठेवायचं तर आधी साबणाने आंघोळ करूनच टबात. २०० लिटरला ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १० मिली म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन होतं, पोहण्याच्या तलावाइतकं. सुगंध घातलेलं फरशीचं द्रावण नको. पाणी गढूळ झालं, बुळबुळीत लागलं की सरळ काढून टाका. क्लोरीन घातलं नसेल तर ते झाडांना चालतं, घातलं असेल तर संडासात वापरा.

निळीबाटली
यंत्राने पाणी थंड करणाऱ्यांसाठी एक ओळ: माणूस आत असताना चिलर आणि पंपाचा प्लग भिंतीतून काढलेला हवा. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग नसेल तर यंत्र लावूच नये. एक्स्टेन्शन बोर्ड टबाशेजारी जमिनीवर तर कधीच नाही.

पाणकणीस
बाहेर आल्यावर लगेच गरम पाण्याची आंघोळ केली तर चालेल ना?

दीर्घश्वास
लगेच नको. पाण्याचा दाब गेला की रक्त पायांकडे उतरतं, त्यात गरम पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडल्या की चक्कर येते, बाथरूममध्येच पडायला होतं. आधी टबात उभं राहण्यापूर्वी काठ धरून दहा सेकंद थांबा. बाहेर आल्यावर पुसून वरचे कपडे आधी, टोपी, मोजे. आलं घातलेला चहा. बाहेर आल्यावरही शरीराचं आतलं तापमान थोडा वेळ उतरत राहतं, म्हणून थरथर दहा मिनिटांनी सुरू झाली तर घाबरू नका, चाला. आंघोळ पंधरा-वीस मिनिटांनी. बोटं नीट वळेपर्यंत दुचाकी नको. दारू आधीही नाही, नंतर ऊब यावी म्हणूनही नाही.

गारवेल
सगळ्यांचे आभार. वरचं घेऊन नवख्याचा महिना असा मांडते, चूक असेल तर सांगा. पहिला आठवडा २० अंश, एक मिनिट, दोन-तीन वेळा. दुसरा १८ अंश, दीड मिनिट. तिसरा १६, दोन मिनिटं. चौथा १५, दोन ते तीन मिनिटं. तापमान उतरवलं त्या दिवशी वेळ वाढवायची नाही. पाणी ढवळून, मधल्या खोलीला, मत्स्यालयाच्या तापमापकाने मोजायचं. उपाशीपोटी नाही, भरल्यापोटीही नाही. ताप, सर्दी, जागरण असेल तर सुट्टी.

एक प्रश्न राहतो. एकटं राहणाऱ्याने काय करावं? सोबत माणूसच नसेल तर?

उत्तरवारा
मांडणी बरोबर आहे. एकट्याने टब नाही.

बर्फगणित
एकट्यासाठी बादली. १५ लिटर पाणी २७ वरून १५ ला आणायला दोन किलो बर्फ पुरतो, तेवढा घरच्या फ्रीजरमध्ये होतो. प्लास्टिकच्या स्टुलावर किंवा पाटावर बसून तांब्याने घ्या: पावलं, पोटऱ्या, मांड्या, हात, मग खांदे आणि शेवटी पाठ. धक्का तोच बसतो, पण पाण्यात बुडायची भीती नाही आणि तांब्या खाली ठेवला की थांबलं. १५ लिटरमध्ये दीड-दोन मिनिटं आरामात होतात.

तुळई
उभ्याने नको, ओल्या फरशीवर चक्कर आली तर नळाच्या तोटीवर डोकं आपटतं. स्टुलाच्या पायांना रबरी बुचं लावा. आणि बाथरूमची कडी आतून लावू नका.